मायच्या हातावर पाणी

मायच्या हातावर पाणी ओतता ओतताच मला मिसरूड फुटलं. सातवीनंतर मी शाळा सोडली आणि लोटा धरला, असं सांगितलं की माझी नातवंडं हसतात. त्यांना वाटतं म्हातारा काहीतरी रंगवून सांगतोय. पण खरंच ते माझं काम होतं. माय एकदा हात धुवायला बसली की तिला स्वतःला लोटा धरता येत नसे, कारण लोट्याला मघाचे मळके हात लागलेले असत. मग धुतलेल्या हातांनी तो उचलायचा कसा? म्हणून दुसरं कुणीतरी लागायचं. थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन लातूरला गेली होती. वडील, म्हणजे दादा, रेल्वेत फाटकवाले. ते ड्युटीवर. राहिलो मी. माय न्हाणीच्या दगडावर उकिडवी बसायची, हात पुढं करायची, कोपरापर्यंत राख घासायची, मग साबण घासायची, मी बारीक धार धरायची. शेवटी ती विचारायची, "झालं का रे, गंग्या?" मी म्हणायचं, "झालं, माय." कधी तिला ते पटायचं. बहुतेक वेळा पटायचं नाही. "तू बघितलंच न्हाईस. उगं म्हणून राहिलास." की पुन्हा राख.

मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरात आमचं घर होतं. घर म्हणजे एक खोली, पडवी, मागं अंगण आणि अंगणाच्या भिंतीपलीकडं शमीम खालाचं घर. खालाचा नवरा शिंपी. तिकडून दिवसभर मशीनची खडखड, इकडून आमच्या न्हाणीतलं पाणी, आणि मधूनमधून शंटिंग करणाऱ्या इंजिनाची शिट्टी. आजही लातूरच्या या फ्लॅटात दुपारी पडलो की कुणाच्या तरी नळाचा आवाज येतो आणि मी बिछान्यावरच हाताची मूठ वळतो, लोटा धरल्यासारखी. शरीर लई मूर्ख असतं. त्याला कोण मेलं, कोण उरलं, हे लवकर समजत नाही.

मायला पीठही मळता येत नसे. पिठाच्या डब्याचं झाकण कुणी उघडलं, कुठल्या हातानं उघडलं, हा प्रश्न पडला की संपलं. म्हणून भाकरी दादा करायचे. फाटकवाल्या माणसाच्या भाकरी त्या, जाड, कडेला कच्च्या, मध्ये जळक्या. सोबत अंबाडीची भाजी नाहीतर कारळाची चटणी. माय चुलीपासून हातभर लांब बसून सांगायची, "आता उलटा. आता फुगंल बघा." ती फुगायची नाही. ज्या बाईच्या हातची येसराची आमटी खायला दादांचे सोबती मुद्दाम जेवायच्या वेळेला यायचे, ती आता तोंडी हुकूम देण्यापुरती स्वयंपाकघरात उरली होती.

तुम्ही म्हणाल, मग घरच्यांना समजलं कसं नाही? नाही समजलं. कारण गावानं तिला सोवळी ठरवली होती. ही चूक आमच्याकडंच होऊ शकते. बाई रडली, बडबडली, केस मोकळे सोडून फिरली, तर तिला लागलीच देवऋषीकडं नेतील. पण बाई हात धुते म्हटल्यावर तिच्यात दोष कोण काढणार? क्वार्टरातल्या बाया म्हणायच्या, "असं सोवळं ब्राह्मणाच्या घरीबी न्हाई." एकादशीला माळकरी म्हाताऱ्या दारात येऊन लांबूनच पाया पडायच्या. लांबून, कारण जवळ आलं की माय भिंतीला चिकटायची. त्यांना ते वैराग्य वाटायचं. एका कीर्तनकारानं तर आमच्या पडवीत बसून सांगितलं की हा मागच्या जन्मीचा योग आहे. दादांना त्याचा अभिमान वाटायचा. एकटी शमीम खाला भिंतीवरून डोकं काढून म्हणायची, "क्या गे, फिर धोने लगी? एक दिन हातां गल के गिर जाते देख." माय तिच्यावर चिडायची नाही. म्हणायची, "शमीम, तुला समजत न्हाई." खाला म्हणायची, "हौ माँ, मेरेकू क्या समजता."

सुरुवात कशी झाली ते मला नीट आठवत नाही. मी लहान होतो. माझ्या पाठीवर एक पोरगं झालं होतं, ते काही महिन्यांत हगवणीनं गेलं. माती देऊन आल्यावर माझी एक चुलती पडवीत बसून म्हणाली, "हात नीट धून दूध पाजलं असतं तर जगलं असतं लेकरू." तिनं काही वाईट मनानं म्हटलं नसेल. बोलायला काहीतरी लागतं म्हणून लोक बोलतात. माझी बायको गेली तेव्हाही एक जण मला म्हणाला, आणखी आधी दवाखान्यात न्यायचं होतं. मी त्याला म्हणालो, तू ये की आधी, तुलाच नेतो. पण मायला तसं बोलता येत नव्हतं. तिनं ते वाक्य गिळलं.

हात इतके फुटले की रक्त यायला लागलं. दादांनी तिला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. तिथं मलम मिळालं. मलम लावलं की माय ते धुवायची. पुन्हा मलम, पुन्हा धुणं. असं चाललं असताना अक्काला दिवस गेले. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात दुसरा विचार नसतो. पहिलटकरणीला माहेरानं आणलं नाही तर तिला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. दादा आनंदानं लातूरला गेले, सातव्या महिन्याची ओटी घेऊन. परत आले ते टोपी हातात धरूनच. अक्काच्या सासूनं चार बायांत सांगितलं होतं, "व्याही, राग मानू नका. तुमची बाई सोताला शिवायला घाबरती. माझ्या नातवाला ती कशी शिवल? लेकरू काय देव हाय का, लांबून पाया पडायला? त्यापेक्षा सुनंचं हितंच करू." अक्का दाराआड रडत होती म्हणे.

मायनं हे ऐकलं. ती स्वतःच्या हातांकडं बघत बसली आणि मग म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. मी धरलं आन् लेकराला काही झालं तर?" आणि धुवायला उठली. मी लोटा उचलला. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की ही बाई देवासाठी धूत नाही. ही घाबरलीय.

पुढच्या खेपेला रेल्वेच्या डॉक्टरनं मलमाची चिठ्ठी लिहिता लिहिता पेन थांबवला आणि दादांना विचारलं, "बाई दिवसातून किती वेळ हात धुतात?" दादा म्हणाले, "दिवस संपंपर्यंत." डॉक्टर म्हणाला, हा चामडीचा रोग नाही, नांदेडला एक मनाचे डॉक्टर आलेत, त्यांना दाखवा. दादांचं तोंड उतरलं. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा, हे आम्हाला माहीत होतं. घरी येऊन त्यांनी दोन दिवस तो विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी मायच म्हणाली, "वेडी तर वेडी. पर अक्का यायला पायजे."

नांदेडच्या गाडीत माय सबंध वाट उभी राहिली. हात पदरात गुंडाळलेले. डॉक्टर तरणाच होता, बोलणं आमच्यासारखंच, लातूरकडचा असावा. त्यानं तिला काय काय विचारलं, ती काय बोलली, ते सगळं मला आठवत नाही. एवढं आठवतं की पोरगं गेल्याचं तिनं त्याला सांगितलं, चुलतीचं वाक्य सांगितलं. चुलतीचं ते वाक्य तिनं घरात आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं मान हलवली. मग म्हणाला, "बाई, तुम्हाला नायटा झालेला माहीत आहे ना? खाजवलं की कसं वाटतं?"

"बरं वाटतं."

"आणि नायट्याचं काय होतं?"

"वाढतो."

"हे तसंच आहे. भीती वाटली की तुम्ही धुता. धुतलं की घटकाभर बरं वाटतं. म्हणून मन शिकतं, की धुतल्यामुळंच वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी जोरानं सांगतं, धू. आपण खाजवायचं थांबवणार आहोत."

मग तो उठला, बाहेरच्या बाकावर, जिथं पेशंट बसतात तिथं, त्यानं तळहात टेकवला आणि तोच हात स्वतःच्या तोंडावरून फिरवला. माय किंचाळलीच. "डॉक्टर, मराल की!"

"मरीन तेव्हा मरीन. तुम्ही फक्त हात टेकवा."

तिनं एक बोट टेकवलं. मग तिला माझ्या लोट्याची आठवण झाली. मी लोटा सोबत आणला होता. डॉक्टरनं तो बघितला आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "पाणी तू ओततोस? मग ऐक. आजपासून ओतायचं नाही. आणि 'झालं' म्हणायचं नाही. तिनं कितीही विचारलं तरी."

दादा चिडले. "सायेब, पोरानं मायला छळायचं का?"

"छळ आत्ता चाललाय," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही तो मायेनं करता, एवढंच."

त्यानं एक गोळीही लिहून दिली, आणि भीतीच्या पायऱ्या कशा चढायच्या ते शिकवलं. आधी सोपं, मग अवघड. आधी स्वतःची उशी, मग दाराची कडी, मग तिकीट खिडकीतून आलेलं नाणं, मग फलाटावरचं बाकडं. शिवायचं, आणि धुवायचं नाही. भीती आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. "उतरते का?" दादांनी विचारलं. "उतरते. चढलेली भीती कायम वर राहत नाही." घरी येताना गाडीत दादा विचार करत होते. मुदखेड आलं तेव्हा मायला म्हणाले, "मालगाडी असती बघ. फाटकापाशी उभा राहिलेला माणूस म्हणतो, डबे संपतच न्हाईत. शिव्या देतो. काही जण खालून घुसतात. पर गार्डाचा डबा येतो म्हंजे येतोच. तू फक्त फाटकात उभी राहा, खालून घुसू नको." डॉक्टरपेक्षा हे तिला जास्त समजलं असावं, कारण पुढं ती तेच शब्द वापरायची.

सांगायला सोपं आहे. घरात ते दिवस लई वाईट गेले. माय कडीला हात लावायची आणि मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून अंगणात बसायची, जणू हातांना आग लागलीय. "गंग्या, लेका, एकच लोटा. आजच्या दिवस." मी पालथ्या बादलीवर बसायचो. बादली पालथी, म्हणजे भरता येऊ नये. "तुला मी दूध पाजलं रे." मी गप्प. "मुडद्या, दगड जन्माला आला माझ्या पोटी." मी गप्प. "झालं का ते तरी सांग." तेच सगळ्यात अवघड होतं. पाणी न देणं सोपं, पण जीभ आपोआप 'झालं' म्हणायला उठायची. खाला भिंतीवरून बघायची आणि म्हणायची, "रो गे, रो. आसू में धो ले." माय रडता रडता हसायची. आणि मग, दादांनी सांगितलेला तो शेवटचा डबा कधीतरी जायचा. तिचे खांदे खाली यायचे. हात मांडीवर पडायचे. ती म्हणायची, "गेली वाटतं रे गाडी." कधी जायची नाहीही. एकदा मी बाजारात गेलो असताना ती फलाटावरच्या नळाला जाऊन दुपारभर हात धूत बसली. दादांनी तिला आणलं. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, "असं होणारच. उद्यापासून पुन्हा कडी." एवढंच. ना रागावला, ना चुचकारलं.

इथं मला थांबून एक सांगायचंय. बायको गेल्यापासून मुलगा म्हणतो, मला डिप्रेशन आहे. मी म्हणतो, मला काही नाही, माझी बायको मेलीय. तरी तो मला एका मॅडमकडं घेऊन जातो, इथंच लातूरला. चांगली पोरगी आहे. ती म्हणते, काका, मन लागो न लागो, रोज गोलाईच्या बाजारापर्यंत चालून यायचं, एक ओळखीचा माणूस गाठून दोन शब्द बोलायचे, मन मागून येतं. मी म्हणालो, हे मला ठाऊक आहे, मी पालथ्या बादलीवर बसून शिकलोय. तिला समजलं नाही. मग मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, लिहून काढा. म्हणून हे लिहून राहिलो. मन काही मागून आलेलं नाही अजून. चालून मात्र येतो.

अक्काला आणायचं ठरलं ते मायनं फलाटाच्या बाकड्यावर बसून शेंगा खाल्ल्या त्यानंतर. दादांनी लातूरला जाऊन व्याहीणबाईंना ते जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेंगा खाणं येगळं, लेकरू धरणं येगळं. पर आणा घेऊन. मी पाचवीला येऊन बघीन. तसंच वाटलं तर मायलेकराला त्याच दिवशी घेऊन जाईन." आणि त्या बाई बोलल्या की करायच्या.

आता आमच्याकडं एक रीत आहे. नव्या लेकराला पहिलं अंगडं नवं घालत नाहीत. ज्या घरातली लेकरं जगलीत, धष्टपुष्ट आहेत, त्या घरचं जुनं, मागून आणलेलं अंगडं घालतात. आणि ते लेकराच्या आजीनं स्वतः जाऊन, पदर पसरून मागायचं. दादांनी हे डॉक्टरला सांगितलं, की हे तेवढं आम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का? डॉक्टर हसला. "अहो, मी याच्याइतकी अवघड पायरी शोधली नसती. त्यांनाच जाऊ द्या." आमच्या ओळखीत ज्या घरातलं एकही लेकरू गेलं नव्हतं असं घर एकच. भिंतीपलीकडचं.

माय सकाळी निघाली. भिंतीला वळसा घालून रस्त्यानं, पदर डोक्यावर. मी मागं. खालाच्या अंगणात कोंबड्या, चिंध्या, एक पोरगं पाट्यावर बसून नाक पुसत होतं. इतक्या वर्षांत मायनं त्या अंगणात पाय टाकला नव्हता. खाला तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती उभीच राहिली.

"क्या गे, रस्ता भूली?"

मायनं पदर पुढं केला. "अंगडं मागायला आले. अक्काच्या लेकराला."

खाला नेहमी काहीतरी टोचून बोलणारी, पण त्या वेळी ती सरळ वळली. आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. एक पांढरं झबलं आणलं, बटणं वेगवेगळ्या रंगांची, गळ्याशी पिवळं पडलेलं. "सब बच्चोंकू येईच पहनाई मैं. बडे से छोटे तक." तिनं ते झटकलं आणि पदरात टाकलं. मग बाजेवरचं बोचकं सरकवून म्हणाली, "बैठ ना अब. आई है तो." माय बसली. बाजेच्या काठावर, जेमतेम. खालानं गुळाचा खडा पुढं केला. मायनं तो तोंडात टाकला. मला वाटलं आता थुंकणार. नाही थुंकली. डोळे मिटून चघळत राहिली, कपाळावर घाम. खाला माझ्याकडं बघून म्हणाली, "देख रे गंगाधर, तेरी माँ जहर खारी करके." माय हसली आणि तिला ठसका लागला.

ते झबलं तिनं घरी आणून टोपलीत ठेवलं. टोपली रोज बघायची. हात लावायची, काढायची. अंगणात जाऊन बसायची. मालगाडी जाऊ द्यायची. आम्ही कुणी काही म्हणायचं नाही असं दादांनी बजावलं होतं.

अक्का बाळंत झाली, मुलगी झाली. नर्सबाईंनी पोरीला पुसून फडक्यात गुंडाळलं आणि कोण घेतं म्हणून इकडंतिकडं बघितलं. मी दारात, दादा अंगणात. माय पुढं झाली. तिच्या हातांवर अजून भेगा होत्या, लालसर, पण कोरडे हात होते ते. तिनं पोर घेतली. पोरगी तिच्या हातात लगेच रडायची थांबली, असं काही झालं नाही. चांगली ओरडत होती. माय तिला घेऊन भिंतीशी बसली आणि ओठांत काहीतरी पुटपुटत राहिली. देवाचं नाव असेल, किंवा डबे मोजत असेल.

माय त्यानंतर पूर्ण बरी झाली, असं मी लिहिणार नाही. म्हातारपणापर्यंत तिला अधूनमधून तो झटका यायचा, विशेषतः घरात कुणी आजारी पडलं की. पण ती भाकरी करायला लागली. माझ्या बायकोनं स्वयंपाक तिच्याकडूनच शिकून घेतला. येसराची ती आमटी मला परवापर्यंत मिळत होती.

पण त्या पाचवीचं सांगायचं राहिलं. व्याहीणबाई लातूरहून आल्या. पायांवर पाणी घेऊन त्या सरळ खोलीत शिरल्या आणि बाजेशेजारी पाय पसरून बसल्या, परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या. मायनं पोरीला मांडीवर पालथं घालून तेल चोळलं, पाय ओढले, नाक दाबलं. न्हाऊ घातलं. धुरी दिली. त्यात पोरीनं एकदा तिची मांडी ओली केली. माय जागची हलली नाही. तिच्या गळ्याची शीर तेवढी उडत होती. ती बहुतेक मलाच दिसली. मग तिनं टोपलीतून झबलं काढलं. व्याहीणबाईंनी वाकून त्या पिवळ्या गळ्याकडं बघितलं, त्या रंगीबेरंगी बटणांकडं बघितलं, आणि सुनेकडं. अक्का घाबरली. हळूच म्हणाली, "माय, एकदा धून घे की गं ते."

मायनं पोरीचा एक हात बाहीत घातला. मग दुसरा.

"धुतलेलं हाय," ती म्हणाली. "शमीमनं धुतलंय."